बाक्सोतली मी

“बाई, तुम्हांला स्वतःला स्वयंपाक येतो का?”

उत्तरा कर्णिकने हे विचारलं आणि आठवी ‘अ’च्या वर्गात अशी काही शांतता पसरली, की बाहेर व्हरांड्यात धोंडू शिपाई माठ विसळत होता तो जणू वर्गातच येऊन विसळतोय असं वाटलं.

शर्त मधल्या सुट्टीत लागली होती. रेगेबाई गृहशास्त्र शिकवायच्या. फळ्यावर खडूने ताट काढायच्या, ताटात वाट्या काढायच्या, वाट्यांत ‘प्रथिने’ नि ‘क्षार’ लिहायच्या आणि तास संपला की सगळं जेवण डस्टरने पुसून टाकायच्या. त्यांच्या स्वतःच्या डब्यात मात्र बारा महिने पाव आणि केळं. उत्तराच्या मैत्रिणीचं, कुंदाचं, म्हणणं असं, की ज्या बाईच्या डब्यात कधी भाजी दिसली नाही तिला फोडणीसुद्धा येत नसणार. दुसरी मैत्रीण एथेल म्हणाली, मग विचारा की. आणि दोघींनी उत्तराकडे बघितलं. कारण स्नेहसंमेलनात वक्तृत्वाचा पेला मिळाल्यापासून उत्तराची जीभ दावं सोडलेल्या वासरासारखी उधळत होती. एथेलच्या मरोळच्या वाडीतल्या गाभुळलेल्या चिंचांची अख्खी पिशवी पणाला लागली. तेवढ्या चिंचांसाठी उत्तराने हेडमास्तरांना त्यांच्या टोपीखाली केस आहेत का हेही विचारलं असतं.

बाईंनी खडू खाली ठेवला, हात झटकले.

“नाही,” त्या म्हणाल्या. “येत नाही. म्हणून तर शिकवते. ज्यांना येतो त्या शिकवत बसत नाहीत, स्वयंपाक करत बसतात.”

वर्ग हसला. आणि बाईंच्या बाजूने हसला, तिथेच उत्तराची वाट लागली.

आता, रेगेबाई नुसत्या गृहशास्त्राच्या बाई असत्या तर प्रकरण चिंचांवर मिटलं असतं. पण त्या वर्गशिक्षिका होत्या, आणि नववीला कोणत्या मुलीने बीजगणित-भूमितीला मुलांच्या वर्गात बसायचं नि कोणी गृहशास्त्राला बाईंपुढे, ती नावं त्याच पाठवायच्या. उत्तराला बीजगणित हवं होतं. हवं म्हणजे कसं, तर शेजारच्या चंद्रप्रकाशचं नववीचं पुस्तक ती त्याच्या आधी सोडवून बसली होती, आणि ‘क्ष’ सापडला की तिला बोरं सापडल्यासारखा आनंद व्हायचा. घरी भाऊंचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, याला पाठिंबा नव्हता. भाऊ फोर्टातल्या एका विमा कंपनीत होते आणि पित्ताने हैराण होते. डॉक्टरांनी तळलेलं, तिखट, खोबरं सगळं बंद करून त्यांना मऊ भातावर आणलं होतं, आणि मऊ भाताने भाऊंचा स्वभाव कडक झाला होता. घरात एकीला तरी शास्त्रोक्त पथ्याचं रांधता आलं पाहिजे, असं ते जेवताना भाताकडे बघून म्हणायचे. शेवटी आईने मधला मार्ग काढला होता. बाई म्हणतील तसं करायचं.

आणि बाई आता म्हणाल्या, “उत्तरा, नकाशापाशी ये. डोळे मीट. बोट ठेव.”

भिंतीवर आशियाचा नकाशा होता. उत्तराने बोट ठेवलं ते भर समुद्रात.

“समुद्रातले लोक काय खातात ते मला माहीत नाही. जवळचं बेट कोणतं? जावा. झकास. म्हणजे इंडोनेशिया. येत्या रविवारी मी तुमच्याकडे जेवायला येते. तिथला एक पदार्थ तू स्वतः करायचास. परदेशी अशासाठी, की तुझी आई गुपचूप करून देऊ शकणार नाही. आणि मी फळ्यावर शिकवते त्या नियमात बसणारा हवा. तळण नको, वर चरबीचा तवंग नको, एकाच वाडग्यात चौरस आहार. तुझ्या वडिलांनाही चालला पाहिजे. जमलं, तर तुझं नाव बीजगणिताला. नाही जमलं, तर दोन वर्षं माझ्या समोरच्या बाकावर, आणि रोज मलाच प्रश्न विचार.”

चिंचा उत्तराने जिंकल्या होत्या. पण त्या दिवशी त्या तिला आंबट लागल्या.

*

इंडोनेशिया म्हणजे गेल्या वर्षी बांडुंगला मोठी परिषद भरली होती आणि भाऊ पेपर वाचताना ‘बांडुंग, बांडुंग’ करत होते, एवढंच उत्तराला ठाऊक. तिथे लोक जेवतात, हे पेपरात आलं नव्हतं. पण एथेलचा बेनेडिक्ट मामा बोटीवर आचारी होता, जावाच्या बंदरांत दहादा जाऊन आलेला, आणि नेमका रजेवर मरोळला आलेला होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली तशा तिघी त्याच्या ओट्यावर हजर झाल्या.

बेनेडिक्ट मामाबद्दल एथेलने वाटेतच सावध केलं होतं. मामा प्रेमळ, पण मामाच्या प्रत्येक गोष्टीत मामा. वादळात बोट वाचली ती मामामुळे, कप्तानाचं लग्न जमलं ते मामाच्या कटलेटमुळे. शिवाय वर्षानुवर्षं बोटीवर दहा भाषांच्या माणसांत राहून त्याचं मराठी जरा हललेलं. कधी बाईसारखा बोलतो, कधी साहेबासारखा.

मामा कोंबड्यांना दाणे टाकत होता. प्रश्न ऐकून त्याने सूप बाजूला ठेवलं आणि डोळे मिटले.

“बाक्सो,” तो म्हणाला. “दुसरं काय करू नका. बाक्सो. गरम पाण्यात मटणाचे गोळे. सुराबाया बंदरात रस्त्यावर गाडीवाला वाटीवर चमचा वाजवत येतो, आन मी जिथं आसंल तिथनं धावतो.”

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. मांस असं कुटायचं की त्याचा लगदा झाला पाहिजे, आणि कुटताना ते गार राहिलं पाहिजे, म्हणून त्यात बर्फ. चिकटपणाला टॅपिओकाचं पीठ, म्हणजे आपला साबुदाणा. गोळा उकडून जमिनीवर टाकला तर उसळला पाहिजे, नाही उसळला तर तो बाक्सो नाही, नुसता खिमा. हाडांचं पाणी मंद आचेवर. वरून तळलेला लसूण, पण टीचरला तळण चालत नसेल तर तव्यावर कोरडाच भाजा.

“तीन वस्तू ध्यानात ठेवा,” तो शेवटी बोटं मोजत म्हणाला. “एक, गोळे. दोन, पाणी. तीन, मी. मी शेवटाला. मी नाय तं बाक्सो नाय, नुसती पेज.”

एथेलने कपाळाला हात लावला. कुंदाने ओढणीत तोंड लपवलं. पण उत्तरा गंभीर होती. तिच्यासमोर दोन वर्षांचा पहिला बाक होता.

“तुम्ही पाहिजेच का, मामा?” तिने अदबीने विचारलं.

मामाने ते ऐकलं की नाही कोण जाणे, कारण कोंबडी घरात शिरत होती. “आन मी ताजी पायजे,” तिला हुसकत तो म्हणाला. “शिळी मी चालत नाय. लांबलचक, मऊ. गुंता झालेली मी कुणी खात नाय.”

आता यातलं खाण्याचं ते उत्तराने विनोदावारी नेलं. बाकीचा अर्थ तिघींच्या मते स्वच्छ होता. मामा आंघोळ करून, केस विंचरून येणार होता. उत्तराने त्याला तिथल्या तिथे रविवारचं आमंत्रण दिलं. मामाचा चेहरा असा फुलला, की आपण आमंत्रण दिलं नसतं तर केवढी चूक झाली असती, असं तिला वाटून गेलं.

*

मामाचं माप चाळीस खलाशांचं होतं, ते सहा माणसांवर आणायचं होतं. हे काम उत्तराने शेगडीपाशी बसून तोंडी केलं आणि तिला ते बेहद्द आवडलं. खिमा किती, साबुदाण्याचं पीठ किती, हाडं किती, सगळं त्रैराशिकाने सरळ उतरलं. फक्त तिसऱ्या वस्तूला भाग जाईना. तेव्हा ती तिने अख्खीच ठेवली. चाळीस खलाशांना एक मामा, सहा माणसांनाही एकच.

हाडांचं पाणी शनिवारी संध्याकाळीच उकळलं आणि पातेलं मोरीत गार पाण्याच्या घंगाळात ठेवून दिलं. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरला होता, तो तिने पापडासारखा उचलून काढला. खाली स्वच्छ, चहाच्या रंगाचं पाणी. बाईंचा एक नियम पार पडला.

गोळ्यांनी मात्र अंत पाहिला. खिमा आईने खाटकाकडून बिनचरबीचा आणवला होता आणि मग हात वर केले होते, कारण बाईंची अट पाळायची म्हणजे पाळायची. उत्तराने तो खलबत्त्यात कुटला, उकडला, आणि पहिला गोळा जमिनीवर सोडला. तो गोवरीसारखा पडला तिथेच बसला. बर्फ घालायचा राहिला होता. सोडावॉटरवाल्याकडून भुशातला खडा आणून तो फोडून घातला, खिम्याबरोबर कुटला. हात बधिर झाले. मग साबुदाण्याचं पीठ.

“उपासाचा साबुदाणा गं तो,” आई दारातून म्हणाली.

“आता तो उपास सोडतोय,” उत्तरा म्हणाली.

पाणी खळखळू न देता नुसतं थरथरतं ठेवून तिने गोळे शिजवले. दुसरा गोळा जमिनीवर सोडला, तसा तो उसळला, पाटावर आपटला आणि टप्पे घेत फडताळाखाली गेला. बाहेरच्या खोलीतून भाऊंनी विचारलं, घरात चेंडू कोण खेळतंय. उत्तरा तेव्हा जमिनीवर पालथी पडून फडताळाखाली हात घालत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

*

बारा वाजता मंडळी जमली. बाई इस्त्रीच्या पांढऱ्या पातळात. त्यांच्यामागून एथेल, आणि एथेलच्या मागून मामा. मामाला पाहून आईने पदर सारखा केला. करड्या रंगाचा सूट, टाय, केसांना चमेलीचं तेल इतकं, की वाटेतल्या मधमाश्या सोबत आल्या असाव्यात. एथेलने मामाला काय सांगून आणलं होतं ते तिलाच ठाऊक, पण मामा ताजा होता यात शंका नव्हती. कुंदाला घरून सोडणार नाहीत हे आधीच ठरलेलं, म्हणून ती तेवढी तमाशाला मुकली.

स्वयंपाकघरात पाट मांडले होते. सुटातला माणूस पाटावर बसताना पँट शिवणीत काय काय सोसते ते सगळ्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. उत्तराने वाडगे भरले. तळाला पालक, त्यावर गोळे, वर वाफाळतं पाणी, भाजलेल्या लसणाचा चुरा, कडेला लिंबाची फोड. पाचही जणांपुढे वाडगे ठेवून ती उभी राहिली, वक्तृत्वाच्या पेल्याला उभी राहिली होती तशी.

बाईंनी चमच्याने पाणी हलवलं. तवंग नव्हता. गोळा दाबून पाहिला. पालक मोजला.

“प्रथिनं आहेत,” त्या म्हणाल्या. “क्षार आहेत. धान्य कुठे आहे?”

उत्तराने मनातल्या मनात पुन्हा मोजलं. गोळे, पाणी, मामा. मामा, पाणी, गोळे. धान्य मामाने सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात मामानेही आपल्या वाडग्याचा तळ ढवळला, पालकाखाली बघितलं, आणि वर मान केली.

“आन मी कुठं हाय?”

“तुम्ही इथेच आहात की, मामा,” उत्तरा म्हणाली.

“मी नाय गं. मी. बाक्सोतली मी.”

भाऊंनी बाईंकडे बघितलं, बाईंनी एथेलकडे, एथेलने छताकडे. माणसाचं डोकं उन्हाने फिरलं असावं अशा काळजीने आई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली. मामाने हताश होऊन दोन बोटांनी हवेत एक लांब दोरा ओढला, तोंडाशी नेला आणि सुर्रकन आत घेतला.

“शेवया गं पोरी. लांब शेवया. तिकडं शेवईला ‘मी’ म्हणतात. तुला सांगितलं नाय, तीन वस्तू? मी शेवटाला टाकायची म्हणून?”

सगळ्यात आधी एथेल फुटली. ती हसत हसत भिंतीला टेकली आणि तिने घरातल्या सगळ्यांना सांगून टाकलं, की उत्तराने बाक्सोत घालायला म्हणून मामालाच बोलावलं होतं, ताजा आणि आंघोळ केलेला. मामाने आधी आपल्या सुटाकडे पाहिलं, मग वाडग्याकडे, आणि मग तो असा हसला की पँटची शिवण शेवटी बोललीच.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वाडगा जरा पुढे सरकवला, आणि तो सरकताना उत्तराला पहिल्या बाकाचा करकर आवाज ऐकू आला.

तिने वळून पाहिलं. पाहुण्यांना गोड हवं म्हणून आईने शेगडीवर खिरीचं दूध ठेवलं होतं, आणि तिच्या हातात गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या गव्हाच्या शेवयांचा डबा होता. उत्तराची नजर डब्यावर गेली. आईने डबा पाठीमागे धरला.

“मटणात नाही हं,” आई म्हणाली. “पाटावर बसून हाताने वळल्यात मी त्या.”

“म्हणूनच,” उत्तरा म्हणाली. “धान्य आहे, गव्हाचं आहे, तळलेलं नाही. आई, फक्त सहा माणसांपुरत्या.”

आईने बाईंच्या सरकवलेल्या वाडग्याकडे बघितलं. मग मुलीकडे. मग डबा पुढे केला, आणि साबुदाणा गेला, शेवया गेल्या, आता देवापुढे ठेवायला घरात खडीसाखर तेवढी उरली, असं पुटपुटत स्वतःच शेगडीवरचं दूध उतरवून आधण चढवलं.

शेवया दोन उकळ्यांत मऊ झाल्या. उत्तराने त्या निथळून प्रत्येक वाडग्यात टाकल्या, वर पुन्हा कढत पाणी ओतलं. शेवटाला.

मग नुसता सुर्रसुर्र आवाज चालला, कारण शेवया ओढताना बोलता येत नाही. भाऊंनी आधी एक चमचा घेतला आणि पोटाकडे कान लावून थांबले. पोट गप्प होतं. दुसरा घेतला. बाईंचा एक गोळा चमच्यातून निसटला, पाटाच्या कडेवर टप्पा घेऊन थेट भाऊंच्या वाडग्यात पडला, आणि कोणी हक्क सांगायच्या आत भाऊंनी तो खाऊन टाकला. मामा दर घोटाला डोळे मिटून मान हलवत होता आणि गाडीवाल्यासारखा चमचा वाडग्यावर वाजवत होता. गव्हाची मी त्याने जन्मात खाल्ली नव्हती, पण हिला सुराबायाला नेली तर लोक रांग लावतील, असं त्याने जाहीर केलं. आईने सगळ्यांत शेवटी, पाठ करून, उभ्या उभ्या चाखलं. आणि मग बसून खाल्लं.

उत्तराला वाटलं, जिंकलं. आणि तेवढ्यात भाऊंनी रिकामा वाडगा खाली ठेवला.

“पोरीच्या हाताला चव आहे हो, बाई,” ते म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांचा आवाज इतका मऊ झाला नव्हता. “आता मला काही शंकाच राहिली नाही. हिला गृहशास्त्रालाच घ्या.”

हे असं होईल हे उत्तराच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गोळे उसळले नसते तर बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं, आणि उसळले म्हणून भाऊ बसवत होते. तिने बाईंकडे बघितलं. बाई लिंबाची फोड पिळून पिळून कोरडी करत होत्या.

“शब्द दिलाय मी तिला,” त्या म्हणाल्या. “पण खरं सांगू का, आता मलाच मोह होतोय. अशी विद्यार्थिनी मला मिळालेली नाही.” त्यांनी फोड वाडग्याच्या कडेला ठेवली. “मी गणिताच्या जागेसाठी अर्ज केला होता. शाळेत रिकामी जागा गृहशास्त्राची होती. तेव्हा विचारलं मला कोणी नाही, आणि सांगितलं मीही नाही. म्हणून उद्या नाव मी पाठवीन, पण कोणत्या विषयाला ते हिने येऊन सांगायचं. घरी बोलून. माझ्या शब्दावर नाही, आणि या वाडग्यावरही नाही.”

*

मसाला दूध पिऊन पाहुणे गेले. मामाला मागची शिवण झाकायला आईने भाऊंचं उपरणं दिलं, ते त्याने सुटावर असं पांघरलं, की गल्लीतल्या बायका वळून बघत राहिल्या.

भाऊ झोपाळ्यावर बसले. रोज जेवणानंतर ते पोट धरून आडवे व्हायचे, आज बसले होते. उद्या बाईंना काय सांगायचं ते त्यांच्या मनात ठरलेलंच होतं, आणि ते आईला सांगत होते की दर रविवारी हाच बेत ठेवायला हरकत नाही, शेवया मात्र अजून वळायला लागतील.

उत्तरा वाडगे घासत होती. हात राखेने भरलेले तसेच घेऊन ती झोपाळ्यासमोर येऊन उभी राहिली.

“भाऊ, बाक्सो मी दर रविवारी करीन. तुमचं पोट बरं होईपर्यंत, आणि त्याच्यानंतरही. पण नववीला मी बीजगणित घेणार आहे. उद्या बाईंना तसं सांगणार.”

झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली आणि थांबली. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, शेवयांचा रिकामा डबा पोटाशी धरून.

“हे ठरवलं कोणी?” भाऊंनी विचारलं. “बाईंनी?”

“नाही.”

“त्या सुटातल्या मामांनी?”

“नाही.”

“मग?”

उत्तराने आईकडे बघितलं. आईला आधीच हसू यायला लागलं होतं.

“मी,” उत्तरा म्हणाली. “शेवटाला टाकलेली, पण तिच्यावाचून नुसती पेज.”